नवी गाडी आधी कोणाच्या दारात?

'हायब्रिड' हा शब्द आमच्या खानदेशाला नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली आणि हायब्रिड म्हणजे ज्वारी हे समीकरण पक्के झाले. पुढे १९७० साली शेजारच्या सुरतेला एच-४ हा संकरित कापूस तयार झाला आणि कपाशीही हायब्रिड झाली. आता तोच शब्द मोटारीच्या पाठीवर चकचकीत अक्षरांत लिहून येतो. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकाच बॉनेटखाली नांदवणारी ही गाडी. हळू चालताना ती विजेवर जाते, वेग वाढला की इंजिन हाती घेते आणि ब्रेक लावला की एरवी वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवून ठेवते. तिला घरी तार लावून चार्ज करावे लागत नाही. पंपावर जायचे, पेट्रोल भरायचे, निघायचे.

ज्वारीच्या वेळी गावात जे झाले, तेच आज मोटारीच्या बाबतीत होताना दिसते. ज्याच्या विहिरीला पाणी होते आणि एक हंगाम बुडाला तरी ज्याचे घर चालणार होते, त्याने ते बियाणे आधी पेरले. बाकीचे बांधावर उभे राहून त्याचे पीक पाहत राहिले. आज विमानतळावर, मोठ्या हॉटेलांच्या दारात, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या ताफ्यांत हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी त्या घेतल्या. स्वतःच्या पैशाने एकच गाडी घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ मात्र शोरूममध्ये जातो, दरवाजा उघडून बघतो, माहितीपत्रक घेऊन घरी येतो आणि थांबतो.

या थांबण्याला हल्ली नावे ठेवली जातात. लोकांना पर्यावरणाची चाड नाही, आपली माणसे नव्याला घाबरतात, असे मोठ्या शहरांतल्या परिसंवादांत म्हटले जाते. मला हे पटत नाही. माझी नोकरीची बरीच वर्षे नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात गेली. कागदोपत्री या तालुक्याचे नाव अक्राणी, पण सगळे म्हणतात धडगाव. सातपुड्याच्या त्या घाटांतून भाड्याच्या जीपमध्ये बसून मी इतका प्रवास केला आहे, की गाडी कोणाची, तिचा खर्च कोण सोसतो आणि ती बंद पडली तर कोणाचे काय अडते, या प्रश्नांकडे मी आपोआप मागच्या बाकावरून पाहतो. आणि तिथून पाहिले की थांबणारा गृहस्थ आणि धावणारी कंपनी हे दोघेही आपापल्या जागी शहाणे वाटतात. चूक आहे ती तिसऱ्याच ठिकाणी.

आधी या दोघांचे शहाणपण पाहू. माझा भाचा पुण्यात असतो. दोन वर्षांपासून त्याचे 'मामा, घेऊ की थांबू?' चालले आहे. त्याला मी एकदा कागदावर हिशेब मांडून दिला. साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते असे धरू, हायब्रिड २२ चालते असे धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर. शंभर किलोमीटरला सुमारे दोन लिटर, म्हणजे २२० रुपयांच्या आसपास वाचले. त्याची गाडी वर्षाला फार तर दहा हजार किलोमीटर चालते. ऑफिस, सासुरवाडी, दिवाळीला गाव आणि एखादे कोकण. म्हणजे वर्षाची बचत बावीस हजार. हायब्रिडसाठी साडेतीन लाख जादा मोजावे लागले, तर ते फिटायला पंधरा-सोळा वर्षे लागतील. तोपर्यंत त्याची मुलगी लग्नाची होईल!

आता हीच गाडी भाड्याने चालवणाऱ्याचा हिशेब करा. त्याची गाडी वर्षाला साठ हजार किलोमीटर सहज धावते. त्याचे वर्षाला एक लाख तेहेतीस हजार वाचतात आणि तेच साडेतीन लाख पावणेतीन वर्षांच्या आत वसूल होतात. गाडी तीच, किंमत तीच, पेट्रोल तेच. एकाला ती पंधरा वर्षांचा भार आणि दुसऱ्याला तीन वर्षांचा धंदा. फरक आहे तो फक्त चाकांनी कापलेल्या अंतराचा. तेव्हा कंपनी पर्यावरणप्रेमी आणि भाचा मागासलेला, असे म्हणण्यात काही अर्थ नाही. दोघांनीही गणित केले आहे आणि दोघांचेही बरोबर आले आहे.

थांबणेही दोन प्रकारचे असते. एक, पैसे हातात घेऊन रांगेत उभे राहणे. इनोव्हा हायक्रॉस २०२२ च्या अखेरीस आली तेव्हा तिच्या हायब्रिड प्रकाराला एवढी मागणी आली, की एप्रिल २०२३ मध्ये टोयोटाला वरच्या प्रकारांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली. हे थांबणे सुखी माणसाचे. दुसरे थांबणे धोरणाकडे डोळे लावून बसण्याचे. एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने 'फेम' योजना आणली, तेव्हा इंजिनाला नाममात्र विजेची मदत देणाऱ्या मोटारींनाही अनुदान मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये ते काढून घेतले. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि हायब्रिड मोटारींवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. विजेवरच्या गाडीला मात्र पुढे ५ टक्केच ठेवला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने चांगल्या प्रतीच्या हायब्रिड गाड्यांचा नोंदणीकर माफ केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर पुन्हा बदलले. छोट्या हायब्रिडला १८, मोठीला ४०. आता सांगा, आयुष्यात दोन किंवा तीनच मोटारी घेणाऱ्या माणसाने या लाटांवर कधी स्वार व्हायचे? ज्याने चुकीच्या महिन्यात गाडी घेतली त्याचे लाखभर रुपये गेले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, यात नवल ते काय?

आणि कंपन्या धावल्या म्हणजे ते नवे तंत्र पक्के झाले, असेही समजू नये. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात मोठा गाजावाजा करून विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला. ओला आणि महिंद्र यांनी मिळून दोनशे वाहनांची योजना आखली. वर्षभरातच चार्जिंगच्या लांबलचक रांगांना चालक कंटाळले. ज्या वेळात भाडे मारायचे त्या वेळात ते तारेला बांधलेल्या गाडीत बसून राहत. कित्येकांनी गाड्या परत केल्या किंवा डिझेल-पेट्रोलची मागितली. अमेरिकेत हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या बड्या कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक लाख टेस्ला घेण्याची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. दिल्ली आणि बंगळूरमध्ये नावारूपाला आलेल्या ब्लूस्मार्टच्या टॅक्सी एप्रिल २०२५ मध्ये आर्थिक घोटाळ्याच्या आरोपांनंतर बंद पडल्या आणि हजारो चालक घरी बसले. कंपनी नव्यात उडी मारते तशी बाहेरही मारू शकते. ताफा विकून टाकते, तोटा ताळेबंदात दाखवते आणि पुढच्या वर्षी दुसरे काही आणते. घरातली गाडी अशी ताळेबंदात मारता येत नाही. तिचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला पगारातून जातो.

तरीही नवे इंधन आणि नवे यंत्र आधी भाड्याच्या गाडीत यावे, ही रीत मला योग्यच वाटते. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या बस, टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. त्या काळी केवढी आरडाओरड झाली! पण सार्वजनिक वाहने आधी बदलली, पंप उभे राहिले, मिस्त्री तयार झाले आणि मग घरातल्या मोटारीही सीएनजीवर आल्या. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून हायब्रिड टॅक्सी धावू लागल्या. तिथल्या महापौरांनी पुढे तशी सक्ती करायचे ठरवले तेव्हा न्यायालयाने ती रोखली, पण टॅक्सीवाल्यांनी हिशेब बघून स्वतःहूनच त्या गाड्या घेतल्या. जी गाडी दिवसभर धावते तिच्यात केलेली सुधारणा शंभर जणांच्या कामी येते. घराखाली बावीस तास उभ्या असलेल्या गाडीतली सुधारणा बावीस तास उभीच राहते.

तेव्हा भाड्याच्या गाडीने पुढे जावे हे कबूल. माझा प्रश्न एवढाच की, कोणत्या भाड्याच्या गाडीने? 'भाड्याची गाडी' म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे फोनवर बोलावलेली टॅक्सी येते. माझ्या डोळ्यांपुढे धडगावची जीप येते.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धडगाव तालुका सातपुड्याच्या कुशीत आहे. उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण धडगावहून जिल्ह्याच्या गावी जायचे तर घाट उतरण्यावाचून गत्यंतर नाही. शहाद्याकडून म्हसावदमार्गे या, तळोद्याकडून चांदसैली घाटाने या, नाही तर अक्कलकुव्याकडून मोलगीमार्गे या. वळणे चुकत नाहीत. पाडे डोंगरावर विखुरलेले. पावरा आणि भिल्ल बांधवांची वस्ती. मोहाची फुले, आमचूर, भगर ही इथली बाजारात जाणारी संपत्ती. एसटी येते, तिचे उपकार मोठे आहेत, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात अर्धी सवलत मिळू लागल्यापासून बायाबापड्यांना तिचाच आधार वाटतो. पण एसटी ठरलेल्या वेळेला ठरलेल्या रस्त्याने जाते. तिच्या अलीकडे-पलीकडे जे काही उरते ते सगळे जीप वाहून नेते. बाजाराला जाणारा म्हातारा, आश्रमशाळेतून सुटीवर निघालेली पोरे, आमचुराच्या गोण्या, कोंबड्या आणि कधी कधी प्रसूतीच्या कळा सुरू झालेली बाई. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणतात. वर्तमानपत्रांनी तिला 'बांबुलन्स' असे नाव दिले आहे. ती झोळी डांबरी रस्त्याला लागली की पुढचे वाहन बहुतेक वेळा जीपच असते.

या जीपचा मालक बहुधा तिचा चालकही असतो. एकच गाडी, तीही हप्त्यावर किंवा जुनी घेतलेली. शहरात दहा-बारा वर्षे राबून थकलेली वाहने डोंगरात दुसरा जन्म घेतात. ॲव्हरेज कमी, धूर जास्त, ब्रेक सैल. खर्च भरून काढायचा तर एका फेरीत जास्त माणसे कोंबायची, टपावर बसवायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि दिवाळीच्या तोंडावर अनेक घरांत अंधार झाला. अशा वेळी आपण चालकाला दोष देतो, पोलीस चार दिवस तपासणी करतात आणि पुन्हा सारे पूर्ववत होते. घाटात माणसे टपावर का बसतात, याचे उत्तर डिझेलच्या बिलात आणि गाडीच्या वयात शोधायला कोणी जात नाही.

आता याच घाटात हायब्रिडचे तंत्र काय करू शकते ते पाहा. दोन टन वजनाची गाडी सहाशे मीटर उंचीवरून खाली उतरते, तेव्हा तिच्यातून सव्वातीन युनिट विजेएवढी शक्ती मोकळी होते. साध्या जीपमध्ये ती सारी ब्रेकच्या लायनरमध्ये आणि इंजिनात उष्णता होऊन जाते. म्हणून तर घाटाच्या पायथ्याशी जळका वास येतो आणि म्हणून तर ब्रेक निकामी होतात. विजेच्या मोटरने यातली अर्धी शक्ती जरी परत मिळवली, तरी एका उतारामागे साधारण अर्धा लिटर डिझेल वाचेल. दिवसाला दोनदा घाट उतरणाऱ्या गाडीचे वर्षाच्या तीनशे दिवसांत तीनशे लिटर. डिझेल नव्वद रुपये धरले तरी सत्तावीस हजार रुपये, नुसत्या उतारातून! शिवाय मोटर स्वतःच गाडीला मागे खेचून धरते, त्यामुळे ब्रेकवरचा ताण कमी होतो. तोरणमाळहून उतरणाऱ्या गाडीला यापेक्षा दुसरे काय हवे?

पण यात एक मेख आहे. आज बाजारात मिळणाऱ्या हायब्रिड मोटारींची बॅटरी एक-दीड युनिटाची, काहींची त्याहूनही लहान असते. शहरात सिग्नलला थांबून पुन्हा निघण्यासाठी ती पुरते. लांब उतारावर ती मध्येच भरून जाते आणि मग पुढची सारी शक्ती पुन्हा इंजिनात आणि ब्रेकमध्ये. म्हणजे घाटासाठी थोडी मोठी बॅटरी हवी, दहा-बारा माणसांना नीट बसायला जागा हवी, चाके उंच हवीत आणि दुरुस्ती सोपी हवी. अशी संकरित प्रवासी जीप कोणी बनवत नाही. का बनवत नाही? महाराष्ट्रात वाहन कारखान्यांची वाण आहे असे नाही. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे देशभराच्या गाड्या तयार होतात. पण ज्याच्या सोयीसाठी कर कमी होतो, त्याच्यासाठी गाडी बनते. धडगावच्या जीपवाल्यासाठी कोणी कर कमी केलेला नाही.

तिसऱ्या ठिकाणी चूक आहे असे मी वर म्हटले, ती ही. सवलती गाडीच्या किमतीला चिकटवल्या जातात, ती किती माणसे किती अंतर वाहून नेते याला नव्हे. नोंदणीकरात समजा दहा टक्के माफी दिली, तर तीस लाखांच्या गाडीला तीन लाख मिळतात आणि दहा लाखांच्या गाडीला एक लाख. जो अधिक मोठी गाडी घेईल त्याला सरकार अधिक मोठी भेट देते. २०१९ पासून लागू झालेल्या फेमच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारने एक शहाणपणा केला होता. चारचाकीचे अनुदान खासगी मोटारीला न देता प्रवासी आणि व्यापारी वापराच्या गाडीसाठी ठेवले. त्यात पस्तीस हजार विजेच्या चारचाकींना प्रत्येकी दीड लाख आणि वीस हजार हायब्रिड गाड्यांना प्रत्येकी तेरा हजार रुपये देण्याची तरतूद होती. दिशा योग्य होती, पण तिचा लाभ घ्यायचा तर मंजूर यादीतली नवी कोरी मोटार घ्यायला हवी, आणि त्या यादीत सातपुड्याच्या कामाची एकही गाडी नव्हती. भाड्याने गाड्या देण्याचा १९८९ चा जो केंद्रीय नियम आहे, त्यातही परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट घातलेली. पन्नास गाड्या ज्याच्याकडे आहेत तो व्यावसायिक, आणि एकाच गाडीवर घर चालवतो त्याला व्यवस्थेच्या लेखी नावच नाही. तो सापडतो तो फक्त पावतीपुस्तकात.

या प्रकाराला आणखी एक शेपूट आहे आणि ते पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच पायात येणार आहे. हायब्रिडच्या बॅटरीला कंपन्या साधारण आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी देतात. घरातल्या गाडीला आठ वर्षे मिळतात. पण वर्षाला साठ हजार धावणारी टॅक्सी पावणेतीन वर्षांतच तो आकडा ओलांडते. म्हणजे ज्या सुमारास ट्रॅव्हल कंपनीचे जादा पैसे वसूल होतात, त्याच सुमारास बॅटरीची हमी संपते. अशा वेळी हिशेबी माणूस काय करील? गाडी धुऊन-पुसून विकायला काढील. ती घेणार कोण? इतकी वर्षे थांबलेला गृहस्थ, ज्याला आता स्वस्तात हायब्रिड मिळाल्याचा आनंद होईल. किंवा डोंगरातला जीपवाला, ज्याच्याकडे शहराचे जुनेच नेहमी येते. बॅटरीने पुढे मान टाकली, तर तिची किंमत या दोघांच्या खिशातून जाईल. भाड्याचा ताफा आधी बदलला याचा फायदा कंपनीला आणि जोखीम मागून येणाऱ्याला, असा हा व्यवहार होईल.

मी धडगावच्या एका चालकाला हायब्रिडचे गुण एकदा रंगवून सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, ॲव्हरेज किती देते ते मागून सांगा. घाटात बंद पडली तर तिला कोण उघडेल, ते आधी सांगा." मला वाटते, दिल्ली-मुंबईत धोरणे ठरवणाऱ्यांनी हे वाक्य टेबलावर लिहून ठेवावे. डिझेलची जीप रस्त्याच्या कडेला पान्याने उघडता येते. दोनशे व्होल्टच्या पुढची बॅटरी तशी उघडू गेलात तर जीव जाईल. जिल्ह्याच्या आयटीआयमधून हे काम शिकलेली पोरे आधी तयार व्हायला हवीत. मोटार नंतर.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी सुचतात आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत.

पहिली, सवलत द्यायचीच असेल तर ती वाहून नेलेल्या माणसांच्या आणि कापलेल्या अंतराच्या प्रमाणात द्या, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाला रांगेत पहिला ठेवा. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ सहकारातून उभे करणाऱ्या या महाराष्ट्राला जीपवाल्यांची एक सहकारी संस्था काढून देणे जड जाऊ नये. पन्नासची अट असेल तर पन्नास चालक एकत्र येतील.

दुसरी, भाड्याने वापरलेली हायब्रिड किंवा विजेची गाडी विकताना बॅटरीची तपासणी करून तिची उरलेली ताकद लेखी देणे सक्तीचे करा. सोन्यावर हॉलमार्क असतो, बियाण्याच्या पिशवीला उगवणशक्तीची चिठ्ठी असते, मग वीसेक लाखांच्या जुन्या गाडीला का नको? यात डोंगरातल्या चालकाचे हित आहे तसेच पुण्यातल्या माझ्या भाच्याचेही आहे.

तिसरी, सरकारने स्वतःपासून सुरुवात करावी. दुर्गम तालुक्यात गाडी भाड्याने घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकारच असते. कार्यालये, आरोग्य खाते, निवडणुकीची कामे यांना गाड्या लागतात. १ जानेवारी २०२२ पासून नव्याने घ्यायच्या किंवा भाड्याने लावायच्या सरकारी गाड्या विजेवरच्याच असाव्यात, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले होते. हेतू उत्तम. पण जिथे वादळात तार तुटली की अंधार होतो, तिथे चार्जिंगच्या भरवशावर रुग्ण न्यायचा नसतो. अशा घाटांच्या तालुक्यांसाठी हायब्रिडला मुभा द्या आणि कंत्राट देताना स्थानिक एका गाडीच्या मालकाला प्राधान्य द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत रुग्णवाहिकांसाठी पाचशे कोटी रुपये राखून ठेवले गेले. त्या रुग्णवाहिकेची घाटातली परीक्षा चांदसैलीला घ्यावी. सपाट रस्त्यावर पास होणे सोपे आहे.

काही जण म्हणतील, जिथे अजून धड रस्ते नाहीत तिथे हायब्रिड कसले घेऊन बसलात? आधी रस्ते करा. रस्ते आधी हवेत, यात वादच नाही. पण 'आधी ते, मग हे' म्हणता म्हणता डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला नेहमी शेवटचे आणि वापरून झालेले येते. आणि जे नवे ते नंदुरबारला झेपत नाही, असे म्हणण्याचीही सोय नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले 'आधार' याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पंतप्रधान त्यासाठी तिथवर आले होते. मनात आणले तर सरकार एखादी गोष्ट सर्वांत आधी सातपुड्याच्या पायथ्याशी आणू शकते. त्या दिवशी ओळखीचा क्रमांक आला. आता घाट सुखरूप उतरवणारी गाडी आणून दाखवावी.

राहता राहिला आपला थांबलेला गृहस्थ. त्याने खुशाल थांबावे. वर्षाला दहा हजार किलोमीटरच जाणार असाल, तर जुनी गाडी नीट राखून वापरण्यात काहीही कमीपणा नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका आणि कोणी मागासलेले म्हटले म्हणून लाजू नका. फक्त पुढच्या वेळी करसवलतीची बातमी आली की 'माझ्या गाडीचे किती कमी झाले?' एवढ्यावर वर्तमानपत्र मिटू नका. ज्या गाडीत रोज सर्वांत जास्त माणसे बसतात तिचे किती कमी झाले, हेही शोधा. ते सापडले नाही, तर आपल्या आमदार-खासदारांना विचारा. निवडणुकीच्या दिवसांत त्यांनाही धडगावला जायला घाटच चढावा लागतो.